कितीपैकी नऊ?

जून २०२१ च्या अखेरीस मुंबईहून गावाकडे येणाऱ्या फोनांचा सूर बदलला. आदल्या वर्षी सगळं उलट होतं. चाकरमानी गावी निघाले की गाव धास्तावायचं, वेशीवर आडवे बांबू पडायचे, आलेल्यांना शाळेच्या खोलीत चौदा दिवस काढावे लागायचे. आता मुंबईकर नातेवाईकच विचारत होते, "तुमच्याकडे तो नवा प्लस आलाय म्हणे, खरं का?"

विचारण्यामागे कारण होतं. सोमवारी, २१ जूनला, राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी महाराष्ट्रात ‘डेल्टा प्लस’चे २१ रुग्ण सापडल्याचं जाहीर केलं होतं. रत्नागिरीत ९, जळगावात ७, मुंबईत २, आणि पालघर, ठाणे, सिंधुदुर्ग इथे प्रत्येकी १. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने या प्रकाराला ‘चिंताजनक’ ठरवलं आणि महाराष्ट्र, केरळ, मध्य प्रदेश या राज्यांना सावध केलं. त्यात रत्नागिरी आणि जळगाव ही नावं ठळक होती. कोट्यवधींच्या मुंबईत दोन आणि आमच्या जिल्ह्यात नऊ! टीव्हीवरच्या नकाशात रत्नागिरी लालभडक झाली.

अलोरे हे चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे जाताना लागणारं गाव. माथ्यावर कोळकेवाडीचं धरण, त्याच्या पाण्यावर चालणारं कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचं वीजघर, आणि प्रकल्पामुळे वाढलेली वसाहत. इथल्या माणसांना मोजमापाची सवय आहे. पाऊस आज किती मिलिमीटर, धरणात आवक किती, विसर्ग किती, हे इथे चहाच्या टपरीवर बोललं जातं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर या डोंगरांत भूकंपमापकांचं जाळं विस्तारलं. एका केंद्रावरची रेघ हलली म्हणजे भूकंप नेमका कुठे झाला ते कळत नाही, त्यासाठी निदान तीन केंद्रांच्या नोंदी लागतात, हेही इथल्या पोराटोरांना माहीत. त्यामुळे तो आकडा ऐकल्यावर आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा: नऊ, पण कितीपैकी?

देशाच्या जनुकीय सर्वेक्षणाचा आढावा घ्यायचा तर हाच प्रश्न धरून चालावं लागतं. जिनोम सिक्वेन्सिंगच्या बातम्यांत अंश नेहमी सांगितला जातो, छेद क्वचितच. आणि या शास्त्राचा सगळा अर्थ छेदात आहे.

आधी थोडं यंत्रणेबद्दल. कोरोना विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे २९,९०० अक्षरांचा. वुहानमधल्या विषाणूचा हा मजकूर जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात जगापुढे आला आणि तोच पुढे तुलनेचा आधार ठरला. विषाणू स्वतःची नक्कल करताना चुकतो. त्यातल्या काही चुका टिकतात. एका वंशात साधारण महिन्याला दोन टिकाऊ बदल, असा याचा ढोबळ वेग. कोकणातल्या अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. मूळ पुरुष कोण, कुठली शाखा घाटावर गेली, कुठली बडोद्याला, कुठली मूळ गावातच राहिली, ते त्यात उतरलेलं असतं. विषाणूंचं तसंच. दोन रुग्णांच्या नमुन्यांत तेच सात-आठ बदल दिसले तर त्यांचा पूर्वज एक. त्यात आणखी एक नवा बदल फक्त एकाच्यात दिसला, तर तिथून शाखा फुटली. बी.१.६१७.२ यासारखी विचित्र वाटणारी नावं म्हणजे या कुलवृत्तांतातले शाखा-उपशाखांचे क्रमांकच. ३१ मे २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने महत्त्वाच्या शाखांना ग्रीक अक्षरं दिली, ती मुख्यतः देशांच्या नावाने विषाणू ओळखले जाऊ नयेत म्हणून. बी.१.६१७.२ चा ‘डेल्टा’ झाला.

या कामात महाराष्ट्र मागास होता असं कुणी म्हणू नये. पुण्यात १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, तेच आजचं राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थान, लोकांच्या तोंडी एनआयव्ही. जानेवारी २०२० च्या अखेरीस केरळात देशातले पहिले रुग्ण सापडले, त्यांच्या विषाणूचा जनुकीय क्रम पुण्यातच वाचला गेला. ज्ञान होतं, यंत्रं होती, माणसं होती. नव्हती ती सवय: रोजच्या रोज, प्रत्येक जिल्ह्यातून, ठरावीक संख्येने नमुने येत राहण्याची.

ब्रिटनने ही सवय लवकर लावून घेतली. मार्च २०२० मध्येच तिथे दोन कोटी पौंडांच्या तरतुदीने विद्यापीठं, रुग्णालयं आणि प्रयोगशाळांचा एक संघ उभा राहिला. त्यामुळे केंट परगण्यात सप्टेंबरमध्ये घेतलेल्या नमुन्यांत दडलेला अल्फा प्रकार डिसेंबरमध्ये ओळखता आला. भारतात इन्साकॉग हा प्रयोगशाळांचा संघ डिसेंबर २०२० च्या शेवटी स्थापन झाला, तोही ब्रिटनहून येणाऱ्या प्रवाशांच्या धास्तीने. २९ डिसेंबरला देशात अल्फाचे पहिले सहा रुग्ण जाहीर झाले. सुरुवातीला दहा प्रयोगशाळा होत्या. त्यांत पुण्यातल्या दोन, एनआयव्ही आणि एनसीसीएस. बाधित नमुन्यांपैकी पाच टक्क्यांचा जनुकीय क्रम लावायचा, असं ठरलं होतं. पहिल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष प्रमाण एका टक्क्याच्या आसपासच रेंगाळलं. नमुने राज्यांनी पाठवायचे होते, ते वेळेवर येत नव्हते. निधीला उशीर झाला. आणि सगळ्यांचं लक्ष विमानतळांवर होतं. परदेशातून काय येतंय ते पाहायचं, अशी एकूण धारणा होती.

आणि त्याच वेळी घरात काय वाढत होतं?

ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्रात घेतलेल्या नमुन्यांत बी.१.६१७ हा वंश होता. जगातल्या त्याच्या सर्वांत आधीच्या नोंदी याच आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये विदर्भात अमरावती, अकोला, यवतमाळ इथे रुग्ण झपाट्याने वाढू लागले, आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी लागली. बाकी देश तेव्हा साथ संपल्याच्या समजुतीत होता. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक निवेदन काढलं. राज्यांनी पाठवलेल्या १०,७८७ नमुन्यांत ७७१ चिंताजनक प्रकार सापडले होते: ब्रिटनच्या वंशाचे ७३६, दक्षिण आफ्रिकेच्या वंशाचे ३४, ब्राझीलचा १. त्याच निवेदनात पुढे लिहिलं होतं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत डिसेंबरच्या तुलनेत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल वाढले आहेत, आणि १५ ते २० टक्के नमुन्यांत ते एकत्र दिसतात. ‘डबल म्युटंट’ हा शब्द तिथून घरोघरी पोहोचला. मात्र काही राज्यांतल्या वाढीचा संबंध या प्रकारांशी जोडण्याएवढी संख्या नाही, असंही त्याच निवेदनात म्हटलं होतं.

मला हा दस्तऐवज फार महत्त्वाचा वाटतो. तो पुन्हा वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. १५ ते २० टक्के! पाच-सहा बाधितांमागे एक, आणि काही महिन्यांपूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. या प्रकाराला परदेशी पासपोर्ट नव्हता, म्हणून यादीतल्या ७७१ मध्ये त्याची गणना नव्हती. १८ एप्रिलला महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ रुग्णांची नोंद झाली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देशाचा रोजचा आकडा चार लाखांवर गेला. सर्वेक्षणाने धोका पाहिला होता, पण त्याचा अर्थ लावणारी आणि अर्थ लागताच हालचाल करणारी साखळी तुटकी होती. इन्साकॉगच्या शास्त्रीय सल्लागार गटाचे अध्यक्ष, विषाणुतज्ज्ञ शाहिद जमील यांनी मे महिन्यात पद सोडलं. त्याच सुमारास आठशेहून अधिक शास्त्रज्ञ साथीची माहिती संशोधनासाठी खुली करा, असं पत्र पंतप्रधानांना लिहीत होते.

आता जूनमधल्या आमच्या नऊ नमुन्यांकडे येऊ. मार्चमध्ये १५-२० टक्के पुरेसे वाटले नव्हते. जूनमध्ये २१ नमुन्यांवर राज्याने पावलं उचलली. २५ जूनला डेल्टा प्लसमुळे राज्यातला पहिला मृत्यू झाल्याचं सांगण्यात आलं, तो संगमेश्वर तालुक्यातला. ८० वर्षांच्या वृद्धा, आधीपासून इतर व्याधी असलेल्या. त्याच दिवशी राज्य सरकारने सर्व जिल्ह्यांत निर्बंधांचा किमान तिसरा स्तर लागू केला. दुकानांच्या वेळा पुन्हा आखडल्या. सावधगिरी चूक होती असं मी म्हणणार नाही. एप्रिल पाहिलेल्या सरकारने जूनमध्ये जोखीम कशी घ्यावी? पण मार्च आणि जून शेजारी ठेवून पाहिले की लक्षात येतं: आकड्याला वजन किती द्यायचं याचं गणित आपल्याकडे आधीपासून ठरलेलं नव्हतं.

डेल्टा प्लस म्हणजे काय होतं? डेल्टाच्या वंशात के४१७एन हा आणखी एक बदल. विषाणूच्या काट्यावर, ४१७ व्या जागी. हाच बदल दक्षिण आफ्रिकेतल्या बीटा प्रकारात होता आणि बीटा प्रतिपिंडांना बऱ्यापैकी चकवत होता, म्हणून भीती. शास्त्रीय नाव एवाय.१. युरोपात तो वसंतातच दिसला होता, रत्नागिरीत जन्मलेला नव्हता. पुढच्या महिन्यांत स्पष्ट झालं की एवाय.१ मूळ डेल्टाला मागे टाकू शकला नाही. थोरल्या भावाच्या सावलीतच तो राहिला आणि विरला.

मग रत्नागिरीतच तो जास्त का दिसला? टोपे यांनी सांगितलं होतं की मे महिन्याच्या मध्यापासून राज्यभरातून साडेसात हजार नमुने घेतले गेले, आणि प्रत्येक जिल्ह्यातून शंभर नमुने पाठवायचं धोरण होतं. दिल्लीतल्या आयजीआयबी या संस्थेचा या कामात मोठा वाटा होता. नऊचा आकडा मांडायचा तर तो या शंभरांच्या हिशोबात मांडायला हवा, रत्नागिरीच्या सोळा लाखांवर लोकसंख्येशी नव्हे, आणि मुंबईच्या दोन रुग्णांशीही नव्हे. शिवाय जिल्ह्यातून जाणारे शंभर नमुने म्हणजे जिल्ह्याची सारखी पेरणी नसते. एखाद्या तालुक्यात रुग्ण एकदम वाढले की तिथून जास्त नमुने जातात. एकाच घरातले, एकाच वाडीतले चौघे बाधित असले आणि चौघांचेही नमुने गेले तर विषाणू एक, नोंदी चार. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात राज्यातली संख्या ४५ झाली तेव्हाही जळगाव (१३) आणि रत्नागिरी (११) पुढेच होते. पण तोवर राज्यभर शोध वाढला होता आणि यादीत नवे जिल्हे येत होते. जिथे शोधलं तिथे सापडलं. जिथे सापडलं तिथेच तो होता, हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

शंभर नमुने पुरे की अपुरे, यालाही साधं उत्तर आहे. एखादा नवा प्रकार जिल्ह्यातल्या बाधितांत तीन टक्के पसरला असेल, तर सरसकट निवडलेल्या शंभर नमुन्यांत तो निदान एकदा तरी हाती लागण्याची शक्यता ९५ टक्के. तोच एक टक्का असेल तर शक्यता ६३ टक्क्यांवर उतरते. ती ९५ टक्क्यांवर न्यायची तर जवळजवळ तीनशे नमुने लागतात. म्हणजे महिन्याला शंभर हा आकडा खरोखर चांगला आहे, जर नमुने सरसकट निवडलेले असतील आणि जर अहवाल लगेच येत असतील तर. जुलै २०२१ मध्ये इन्साकॉगने ‘सेंटिनेल’ पद्धत घालून दिली. राज्यांनी पाच तपासणी प्रयोगशाळा आणि पाच मोठी रुग्णालयं अशी दहा ठिकाणं ठरवायची, आणि प्रत्येक ठिकाणाने दर पंधरा दिवसांनी पंधरा नमुने पाठवायचे. यातली नियमितता मोलाची. पण एका ठिकाणाच्या पंधरा नमुन्यांत तीन टक्क्यांवरचा प्रकार सापडण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के. मोठ्या राज्यातल्या दहा ठिकाणांमध्ये अलोऱ्यासारखं गाव, किंबहुना चिपळूणसारखं शहरही, सहसा बसत नाही.

नमुन्याच्या प्रवासाकडे पाहिलं म्हणजे हे छेदाचं दुखणं अधिक कळतं. कोकणात आधी तपासणीच दूर होती. जिल्ह्यातला पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये गुहागर तालुक्यात शृंगारतळीला सापडला. नंतर कितीतरी आठवडे इथले स्वॅब मिरजेला जायचे. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात प्रयोगशाळा सुरू झाली ती जून २०२० मध्ये. नाका-घशातला स्वॅब गुलाबी द्रावाच्या नळीत बुडतो, बर्फाच्या डब्यात बसतो. तपासणीत सीटी व्हॅल्यू कळते, म्हणजे विषाणू दिसायला यंत्राला किती फेऱ्या घ्याव्या लागल्या ते. ती तिसाच्या पुढे गेली की नमुन्यात विषाणू इतका कमी असतो की क्रम नीट लागत नाही. म्हणून सिक्वेन्सिंगला जाणारे नमुने तेच, ज्यांच्यात विषाणू भरपूर. लक्षणं सुरू होऊन आठ-दहा दिवस अंगावर काढून मग आलेल्या माणसाचा नमुना इथेच गळतो. आणि कोकणात अंगावर काढणारे थोडे नाहीत. उरलेल्या नळ्या उणे सत्तरच्या आसपासच्या थंडीत जपून, खोके भरून, पुण्याला किंवा दिल्लीला. तिथे विषाणूचा मजकूर तुकड्या-तुकड्यांनी वाढवून यंत्रात वाचायचा, संगणकावर जुळवायचा, शाखा ओळखायची. प्रयोगशाळेत हे काम चार-पाच दिवसांचं. बाकी सगळा वेळ वाटेत, रांगेत आणि कागदांत जातो.

या कागदांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. नळीवरचं लेबल आणि तिच्याबरोबरचा तक्ता, म्हणजे वय, गाव, लक्षणं कधी सुरू झाली, लस घेतली का, प्रवास केला का, हे भरतात गावपातळीवरचे आरोग्य कर्मचारी, ज्यांच्या हातात त्याच दिवशी लसीकरणाची यादी, घरभेटी आणि संपर्कशोधही असतो. गावाच्या रकान्यात नुसतं ‘रत्नागिरी’ लिहिलं गेलं, की अलोऱ्याचा नमुना आणि राजापूरचा नमुना पुढे कधीच वेगळा करता येत नाही. कोट्यवधींच्या यंत्राचं काम त्या एका रकान्यावर अडतं. हा तक्ता भरणाऱ्या आशा आणि आरोग्यसेविकांना इन्साकॉग म्हणजे काय, आपण भरलेला तक्ता कुठे जातो, हे कुणी कधी बसून सांगितलं का? सांगितलं असतं तर रकाना भरला गेला असता, याबद्दल मला शंका नाही.

आणि उलट दिशेचा प्रवास? मे महिन्यात घेतलेल्या नमुन्यांचे निकाल जूनच्या उत्तरार्धात आले, तोवर बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी होते. त्यांच्या गावांत मग पुन्हा पथकं गेली, संपर्क शोधले गेले, वाड्या बंद झाल्या. निकाल साथीची दिशा कळायला उपयोगी होता, त्या वाडीतला संसर्ग थोपवायला नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या लोकांना वेगळ्या करून सांगितल्या गेल्या नाहीत. म्हणून ज्या तालुक्याने नमुने पाठवले त्याच्याच नावाला डाग लागला. हेच पाच महिन्यांनी जागतिक पातळीवर घडलं. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी २४ नोव्हेंबर २०२१ ला नवा प्रकार कळवला, २६ तारखेला त्याला ओमिक्रॉन नाव मिळालं, आणि पाठोपाठ त्या देशातून येणारी विमानं बंद झाली. सांगणाऱ्याला शिक्षा झाली की पुढच्या वेळी सांगण्याआधी माणूस दहादा विचार करतो. मग तो देश असो वा तालुका.

डेल्टा प्लसची चर्चा सुरू असतानाच २२ जुलैला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली. दुकानं, दवाखाने, घरं पाण्याखाली, वीज गेली, मोबाइल मुके झाले, वाशिष्ठीवरचा महामार्गाचा जुना पूल खचला. अशा आठवड्यात बर्फाच्या डब्यातल्या नळ्यांचा कोण विचार करणार? पण मदतकेंद्रांत माणसं दाटीने राहतात, बाहेरगावाहून शेकडो स्वयंसेवक येतात. विषाणूला याहून चांगली संधी नसते. पूर, दरड, वादळ हे कोकणाला नवीन नाही. आदल्या वर्षी ‘निसर्ग’ चक्रीवादळ, त्या वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’. सर्वेक्षणाच्या आराखड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी वेगळी तजवीज हवी, एवढं त्या जुलैने दाखवून दिलं.

त्यानंतर वेग वाढला, हे मान्य केलंच पाहिजे. ४ ऑगस्ट २०२१ ला मुंबईत कस्तुरबा रुग्णालयात महापालिकेची स्वतःची जिनोम सिक्वेन्सिंग प्रयोगशाळा सुरू झाली. एका वेळी ३८४ नमुने, चार दिवसांत निकाल. महिनाअखेरीस आलेल्या पहिल्या फेरीत मुंबईच्या १८८ नमुन्यांपैकी १२८ डेल्टा होते. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्याच एका फेरीत २८० नमुन्यांपैकी २४८ ओमिक्रॉन, अवघे २१ डेल्टा. एकच शहर, एकच यंत्र, आणि दोन्ही वेळा छेद सांगितलेला. एका वंशाने दुसऱ्याची जागा घेतल्याचं असं स्वच्छ चित्र एखाद्या सुट्या आकड्यातून कधीच मिळालं नसतं. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजेश कार्यकर्ते यांनी राज्याच्या सिक्वेन्सिंगचं समन्वयन केलं आणि ओमिक्रॉनच्या उपशाखांचे अहवाल नियमित येऊ लागले. राज्यातला पहिला ओमिक्रॉन रुग्ण ४ डिसेंबरला कल्याण-डोंबिवलीत ओळखला गेला, जगाने नाव ऐकल्यापासून आठ दिवसांत. मार्चच्या मानाने हा फरक डोळ्यांत भरणारा आहे.

एक जवळचा रस्ताही सापडला होता. काही आरटीपीसीआर किट विषाणूच्या तीन ठिकाणी पाहतात. अल्फा आणि सुरुवातीच्या ओमिक्रॉनमध्ये काट्याच्या जनुकातले दोन दुवे गळालेले असल्याने तीनपैकी एक खूण उमटत नाही. सिक्वेन्सिंगविना, तालुक्याच्या पातळीवर, त्याच दिवशी संशय घेता येतो. डेल्टाला ही युक्ती लागू नव्हती, आणि ओमिक्रॉनची बीए.२ ही शाखा आली तेव्हा ती खूण बहुधा परत उमटू लागली. स्वस्त युक्त्या वापराव्यात, त्यांच्यावर विसंबू नये.

सांडपाण्याचंही तसंच. बाधित माणसाच्या विष्ठेतून विषाणूचे अंश बाहेर पडतात, त्यामुळे नाल्यातलं पाणी तपासलं की कुणाचाही स्वॅब न घेता अख्ख्या पेठेचा अंदाज येतो. पुण्यात एनसीएल आणि पुणे नॉलेज क्लस्टर यांच्यासारख्या संस्थांनी हे काम चांगलं केलं आहे. लोक तपासणीला येईनासे झाले तेव्हा तर त्याचं मोल आणखी वाढलं. पण ही शहराची पद्धत आहे. कोकणातल्या वाडीत घरामागे शोषखड्डा असतो, गटारांचं जाळं नसतं. आणि जून ते सप्टेंबर इथलं पाणी इतकं वाहतं की नाल्यातून काही मोजायला उरत नाही. शहरात रुजलेली पद्धत ‘राष्ट्रीय’ म्हणून स्वीकारली की खेड्यांची छेदातून पुन्हा एकदा वजाबाकी होते. इथे स्वॅबला पर्याय नाही, आणि तो घेणाऱ्या हाताला तर नाहीच.

कोकणाचं नाव पुन्हा बातम्यांत आलं ते डिसेंबर २०२३ मध्ये. केरळात जेएन.१ आढळल्यावर २० डिसेंबरला महाराष्ट्रातला त्याचा पहिला रुग्ण जाहीर झाला, सिंधुदुर्गात. पुन्हा तोच प्रश्न: तो खरोखर तिथे आधी आला, की तिथे कुणीतरी वेळेवर नमुना पाठवला? मला दुसरी शक्यता अधिक वाटते, आणि ती अभिमानाची गोष्ट आहे. या जिल्ह्याला सवय होती. २०१६ मध्ये दोडामार्गच्या बाजूला माकडताप पसरला. शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेलेला हा गोचिडींतून येणारा विषाणूजन्य ताप आपल्याकडे आला, हे रक्ताचे नमुने पुण्याला गेले म्हणूनच कळलं. तेव्हापासून तिथल्या दवाखान्यांत तापाच्या रुग्णाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. मेलेल्या माकडाची बातमी आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवायची, हे गावकऱ्यांना ठाऊक झालं. जनुकीय सर्वेक्षण टिकवायचं तर ते अशा नजरेवर आणि अशा निरोपांवर उभं करावं लागेल. नुसतं कोरोनापुरतं ठेवलं तर यंत्रं धूळ खातील. कोकणात लेप्टो आहे, डेंग्यू आहे, माकडताप आहे. तेच यंत्र, तोच बर्फाचा डबा आणि त्याच आरोग्यसेविका या सगळ्यांना पुरतात.

आजची अडचण वेगळी आहे. इन्साकॉगचं जाळं दहा प्रयोगशाळांवरून पन्नासच्या पुढे गेलं. वाचायला यंत्रं भरपूर आहेत, नमुने नाहीत. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या घरच्या घरी तपासणीच्या किटला मान्यता मिळाली. लोकांची सोय झाली, पण त्या पट्टीवरचा स्वॅब कचऱ्यात जातो, प्रयोगशाळेत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात एनबी.१.८.१ आणि एलएफ.७ या नव्या शाखांची नावं आली, आकडे थोडेसे वाढले, उतरले. हे प्रकार देशात किती पसरले होते ते सांगायला तपासलेल्यांची संख्याच तोकडी होती.

अलोऱ्यात जुलैत ताप आला की डॉक्टर आधी विचारतात, शेतात उतरला होतात का, चिखलात जखम झाली होती का. मग लेप्टोसाठी आणि डेंग्यूसाठी रक्त जातं, आणि ते बरोबरच आहे. खोकलाही असेल तर त्याच वेळी एक स्वॅब, आठवड्याला अशा पाच जणांचा, गावाचं नाव स्पष्ट लिहून रत्नागिरीला गेला, आणि पंधरा दिवसांत आरोग्य केंद्राच्या फळ्यावर एक ओळ परत आली, ‘पाठवलेले ५, वाचलेले ४, सापडले अमुक’, तर या खोऱ्याला छेद मिळेल. पर्जन्यमापकाचा आकडा जसा रोज सकाळी लिहिला जातो, तसा.